धातूवरचा बोलका बिल्ला : वाघिणीची ओळख आणि आकाशकाची रचना

बैहरच्या पठारास निसर्गाने दोन देणग्या दिल्या आहेत. एक कान्ह्याचे अरण्य आणि दुसरी भूगर्भातील खनिजे. बैहरपासून जवळच मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची तांब्याची विस्तीर्ण खाण आहे. बालाघाटहून बैहरकडे येणाऱ्या वाटेवर उकवा येथे, तसेच बालाघाटलगत भरवेली येथे मँगनीजच्या भूमिगत खाणी आहेत. या दोन्ही खाणी मॉइल या सार्वजनिक कंपनीच्या असून तिचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. प्रांताच्या सीमा बदलल्या, तरी खनिजाचा आणि माणसांचा हा संबंध तुटलेला नाही.

बैहरास स्वतःचा लोहमार्ग नाही. घाट उतरून बालाघाटास आले म्हणजे रेल्वे भेटते. सातपुड्यातील जुनी नॅरो गेज गाडी आता इतिहासजमा झाली असून तिच्या जागी ब्रॉड गेज मार्ग आला आहे. दूरच्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या मँगनीजला मालगाडीच्या वाघिणीचा मोठा आधार असतो. ही वाघीण अर्थातच कान्ह्याच्या रानातली नव्हे, तर लोखंडी चाकांवर धावणारी. तथापि दोघींच्या बाबतीत एक प्रश्न समान आहे. ती या घडीला कोठे आहे आणि अनेकींतून नेमकी तीच कशी ओळखावी?

भारतीय रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक रंगविलेला असतो. त्यात वाघिणीचा प्रकार, मालकी असलेली रेल्वे, निर्मितीचे वर्ष आणि तिचा स्वतःचा क्रमांक येतो. शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी असतो. पूर्वी हे क्रमांक यार्डात कारकून हाती वही घेऊन टिपत असे. रात्र, पाऊस, खनिजाची काळी धूळ आणि थकलेले डोळे यांमुळे एखादा अंक चुके. अंक चुकला की वाघीण कागदावर एका गावी आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच गावी, असा प्रकार घडे. यात केवळ हिशेबाचा घोळ असता, तर गोष्ट वेगळी होती. धावत्या गाडीचा एखादा अ‍ॅक्सल तापत असल्याची सूचना मार्गावरील यंत्र देते, तेव्हा ते चाक नेमक्या कोणत्या क्रमांकाच्या वाघिणीचे, हे कळणे अत्यावश्यक असते. ओळख चुकली तर सदोष वाघीण पुन्हा धावत राहते आणि निर्दोष वाघीण कारखान्यात जाते. म्हणून वाघिणीने आपला क्रमांक स्वतःच सांगावा, अशी व्यवस्था करण्याचा प्रयत्न जगभर झाला. त्या व्यवस्थेचे नाव रेडिओ-कंप्रता ओळख, अर्थात आरएफआयडी. या व्यवस्थेत सर्वांत मोठी अडचण लोखंडाची आली. ती अडचण कोणती आणि अभियंत्यांनी ती कशी दूर केली, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बिल्ला बोलतो कसा?

गायीम्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, तो ग्रामीण वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यावरील अंक किंवा रेघा वाचावयाच्या तर बिल्ला डोळ्यांस अथवा यंत्रास दिसावा लागतो. चिखल लागला की वाचन थांबते. रेडिओ बिल्ल्याचे तसे नाही. मोटारीच्या पुढील काचेवरील फास्टॅग हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोल नाक्यांवर तो बंधनकारक झाला. त्या कागदी पट्टीत विद्युत् घट नसतो. तिच्यात दोनच वस्तू असतात : मोहरीहून लहान अशी एक इलेक्ट्रॉनिक चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पत्र्याचा आकाशक, ज्याला आपण अँटेना म्हणतो.

नाक्यावरील वाचक यंत्र रेडिओ तरंग सोडते. आकाशक त्या तरंगांतून थोडी ऊर्जा टिपतो आणि चिपला जागी करतो. मग चिप आपला क्रमांक सांगू लागते, पण स्वतः तरंग निर्माण करून नव्हे. उन्हात उभा राहून आरसा हलविणारा गुराखी दूरच्या सोबत्यास खूण करतो, तेव्हा प्रकाश सूर्याचा असतो. गुराखी तो केवळ कमीअधिक परत पाठवितो. चिपही तेच करते. आकाशकावर येणारा तरंग ती कधी शोषून घेते, कधी परत उडविते. या चढउतारातून क्रमांक उमटतो. परावर्तित शक्तीने संदेश पाठविण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन या संशोधकाने १९४८ साली आपल्या निबंधात मांडली होती.

आपल्या देशात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. ८६६ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर भरते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व मापे त्यावरून निघतात. वाचक यंत्राने सर्व दिशांस सारखी ४ वॅट शक्ती सोडली असे धरले, तर दहा मीटरवरील साध्या आकाशकास त्यांतून एका वॅटच्या दशलक्षांश भागांपैकी केवळ तीसच भाग मिळतात. आजच्या चिपला जागे होण्यास असे सुमारे दहा भाग पुरतात. म्हणजे हाती असलेली शिल्लक फारच थोडी आहे. अशा तुटपुंज्या उत्पन्नातून लोखंडाने आपला वाटा मागितला, की बिल्ला मुका होतो.

लोखंड तरंगास का अडविते?

याचे उत्तर एका दोरीत आहे. लांब दोरीचे एक टोक झाडास घट्ट बांधावे आणि दुसरे टोक हातात धरून झटका द्यावा. दोरीतून उंचवटा धावत जातो, झाडावर आदळतो आणि परत येताना उलटा होऊन येतो. गेला तो वर उठलेला, आला तो खाली झुकलेला. गाठीपाशी दोरी हलूच शकत नसल्यामुळे जाणारा आणि येणारा उंचवटा तेथे परस्परांस मारून टाकतात. आता हात सतत हलवीत राहावे. गाठीजवळ बांधलेली चिंधी जवळजवळ स्थिर राहते. गाठीपासून पाव तरंगलांबीवर बांधलेली चिंधी मात्र जोराने वरखाली होते.

धातूच्या पत्र्यावर रेडिओ तरंग आदळतो तेव्हा हेच घडते. धातू उत्तम संवाहक असल्याने त्याच्या पृष्ठालगत, पृष्ठास समांतर असे विद्युत् क्षेत्र टिकू शकत नाही. ते निर्माण होताच धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन धावून ते नाहीसे करतात आणि उलटा तरंग परत पाठवितात. साधा बिल्ला पत्र्यावर चिकटविणे म्हणजे चिंधी गाठीवर बांधणे होय.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. पत्र्यासमोर सरळ येणाऱ्या तरंगाचा विचार करू. पत्र्यापासून १ मिलिमीटरवर विद्युत् क्षेत्र मोकळ्या जागेतील क्षेत्राच्या अवघे ३.६ टक्के असते. शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती हजारात सव्वा भागाइतकी उरते. १ सेंटिमीटरवर क्षेत्र ३६ टक्के आणि शक्ती १३ टक्के. सुमारे २.९ सेंटिमीटरवर क्षेत्र मोकळ्या जागेइतके होते आणि ८.७ सेंटिमीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर, ते दुप्पट होते. यावरून ध्यानात येते, की धातू हा सर्वत्र शत्रू नाही. योग्य अंतरावर तो मदतही करतो.

दुसरी हानी : जू बिघडते

धातूमुळे होणारी दुसरी हानी कमी दिसते, पण तितकीच घातक आहे. आकाशकाने टिपलेली ऊर्जा चिपमध्ये पूर्णपणे उतरण्यासाठी दोघांचे विद्युत् संरोध जुळावे लागतात. एका जुवाखालचे दोन बैल उंचीने आणि चालीने सारखे असले तरच नांगर सरळ चालतो. संरोधाचे दोन घटक असतात. पहिला रोध, जो ऊर्जा खर्च करतो. दुसरा घटक ऊर्जा क्षणभर साठवून परत देतो. चिपच्या अंगी धारकाचा गुण असतो. त्यावर उतारा म्हणून आकाशकाच्या अंगी तितकाच प्रवर्तकाचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा गुण असावा लागतो. बिल्ल्याच्या मध्यभागी दिसणारी लहानशी चौकट हेच काम करते.

समजा, चिपचा रोध २० ओहम आहे आणि आकाशकाचाही २० ओहम. दुसरा घटकही परस्परांस पूर्ण फेडतो. अशा वेळी आकाशकाने देता येण्याजोगी सर्व शक्ती चिपला मिळते. आता तोच बिल्ला लोखंडाजवळ आणला. लोखंडातील उलट प्रवाहामुळे आकाशकाचा किरणोत्सर्जन रोध घसरून २ ओहम झाला, तर चिपला ३३ टक्केच शक्ती मिळते. त्यातच दुसऱ्या घटकात १०० ओहमची तफावत पडली, तर वाटा दीड टक्क्यावर येतो. क्षेत्र आधीच क्षीण झालेले आणि त्यातलेही दीड टक्काच पदरात, अशी ही दुहेरी नापिकी आहे.

तिसरी अडचण वाचक यंत्राची आहे. गुराख्याच्या आरशाशेजारी पत्र्याचे चकाकणारे छप्पर असेल, तर त्या झगमगाटातून आरशाची खूण ओळखणे कठीण जाते. तसेच वाघिणीच्या विशाल पोलादी बाजूवरून परतणाऱ्या तरंगातून बिल्ल्याचा इवलासा चढउतार वेगळा काढावा लागतो.

उपायांची परंपरा

पहिला आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे अंतर ठेवणे. बिल्ला आणि पत्रा यांमध्ये फेसाळ प्लास्टिकची जाड पट्टी बसविली की काम भागते. गोदामातील लोखंडी कपाटास हे चालेल. मात्र वाघिणीच्या बाजूस तीन सेंटिमीटर पुढे आलेला ठोकळा पहिल्याच धक्क्यास निखळून पडण्याचा संभव असतो. म्हणून अधिक पातळ उपाय हवा होता.

तो उपाय पट्टी-आकाशकाच्या रूपाने सापडला. याची कल्पना १९५३ साली मांडली गेली आणि १९७० च्या दशकात ती विमानांवर व क्षेपणास्त्रांवर प्रत्यक्षात आली. कारण तेथेही धातूच्या पृष्ठावर सपाट बसणारा आकाशक हवा होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. गिरीश कुमार आणि डॉ. के. पी. रे यांचा अशा आकाशकांवरील ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला असून या विषयाचे अध्ययन आपल्याकडे चांगले रुजले आहे.

पट्टी-आकाशकाची रचना भाकरीच्या पापुद्र्यांसारखी तीन थरांची असते. खाली तांब्याचा पूर्ण पत्रा, मध्ये विद्युत् अपारक पदार्थाचा थर आणि वर तांब्याची आयताकृती पट्टी. खालचा पत्रा आधीच धातूचा असल्यामुळे हा बिल्ला लोखंडावर ठेवला काय आणि लाकडावर ठेवला काय, आतील परिस्थिती फारशी बदलत नाही. स्वतःची जमीन सोबत घेऊन फिरणाऱ्या झाडाप्रमाणे तो असतो.

येथे चाणाक्ष वाचक शंका घेतील. दोन-तीन मिलिमीटर जाडीत क्षेत्र क्षीण असते, मग हा आकाशक चालतो कसा? परातीत थोडे पाणी घेऊन ती हलके हलके तालात झुलवावी. प्रत्येक झोका लहान असला तरी ताल जुळला की पाणी एका काठास उसळते, त्याच वेळी दुसऱ्या काठास उतरते आणि मध्यरेषेवर जवळजवळ स्थिर राहते. यास अनुस्पंदन म्हणतात. पट्टी आणि खालचा पत्रा यांमधील विद्युत् क्षेत्र असेच दोन कडांशी उसळते. शिवाय ते क्षेत्र धातूच्या पृष्ठास लंब, म्हणजे उभे असते. समांतर क्षेत्रास धातू मज्जाव करतो, उभ्या क्षेत्रास करीत नाही. या दोन कडांतूनच तरंग आत येतो आणि बाहेर पडतो. मागील लोखंड आता उपकारक ठरते, कारण मागे वाया जाणारी ऊर्जा ते पुढे वळविते.

पट्टीची लांबी साधारणपणे अर्ध्या तरंगलांबीइतकी हवी, पण अपारक पदार्थात तरंग आखूड होतो. छापील विद्युत् मंडलासाठी वापरले जाणारे काचतंतूंचे पत्रे घेतले, तर त्यांचा अपारकांक सुमारे ४.४ असतो. त्याचे वर्गमूळ सुमारे २.१. मोकळ्या जागेतील अर्धी तरंगलांबी १७.३ सेंटिमीटर, तिला २.१ ने भागले की पट्टीची लांबी सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. अपारकांक ९ असलेली सिरॅमिक फरशी घेतली तर ती पावणेसहा सेंटिमीटरवर येते.

याहून लहान बिल्ला हवा असेल तर परातीतील मध्यरेषा आठवावी. तेथे विद्युत् दाब शून्य असतो. म्हणून त्या रेषेवर वरची पट्टी खालच्या पत्र्यास धातूच्या भिंतीने जोडून टाकली तरी उसळीत बिघाड होत नाही आणि उरलेला अर्धा भाग कापून टाकता येतो. लांबी निम्मी होते. धातूवर बसविण्याच्या अनेक बिल्ल्यांत ही घडीची रचना वापरलेली आढळते.

आणखी एक युक्ती अशी, की धातूसच आकाशक बनवावे. पत्र्यात योग्य लांबीची अरुंद फट पाडली तर तीच तरंग टिपते. पण गॅस किंवा प्राणवायूच्या सिलिंडरास फट पाडणे हे उघडच अशक्य आहे. म्हणून हा मार्ग निवडक वस्तूंपुरताच राहतो. अमेरिकेत डॅनियल सीव्हनपायपर व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली छत्र्यांसारख्या सूक्ष्म धातुखंडांची रांगोळी असलेले एक पृष्ठ मांडले. त्यावरून परावर्तित होणारा तरंग विशिष्ट कंप्रतेस उलटा न होता सुलटा परततो. त्यामुळे आकाशक त्याच्या अगदी जवळ ठेवता येतो. तत्त्व सुंदर आहे. परंतु त्याचा विस्तार आणि खर्च पाहता स्वस्त बिल्ल्यास ते सहसा परवडत नाही.

बँकेच्या स्पर्शविरहित कार्डात मात्र १३.५६ मेगाहर्ट्‌झ ही खालची कंप्रता असते. तेथे तरंगाऐवजी चुंबकीय प्रवर्तनाने काम चालते आणि धातूतील भोवरा प्रवाह ते बिघडवितात. त्यावर उपाय म्हणून कार्ड आणि धातू यांमध्ये फेराइटचा पातळ थर घालतात. चुंबकीय रेषा धातूत न शिरता त्या थरातून वळून जातात.

रचनाकाराची तारेवरची कसरत

बिल्ला पातळ केला तर तो चांगला बसतो, पण त्याचा कंप्रता-पट्टा अरुंद होतो आणि ऊर्जा अपारक थरातच उष्णता होऊन जिरते. जाड केला तर पट्टा रुंदावतो, पण वजन व किंमत वाढते. लहान केला तर स्वस्त पडतो, पण पल्ला घटतो. यांतील एक वाढविले की दुसरे घटते. शेतीप्रमाणे येथेही हवामान, जमीन आणि खिसा पाहून पीक निवडावे लागते.

पट्टा अरुंद असण्याचा धोका एका हिशेबाने दिसेल. पत्र्याच्या अपारकांकात दोन टक्के फरक पडला, तर आकाशकाची अनुस्पंदन कंप्रता एक टक्क्याने, म्हणजे सुमारे ८.७ मेगाहर्ट्‌झने सरकते. आपला परवानामुक्त पट्टा अवघा ३ मेगाहर्ट्‌झ रुंद आहे. म्हणून कारखान्यात मालाच्या प्रत्येक खेपेची तपासणी करावी लागते. याच कारणाने अमेरिकेतील ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी घडविलेला अरुंद पट्ट्याचा बिल्ला आपल्याकडे आणून लावला, तर तो आळशी ठरू शकतो. बिल्ला उत्तम असतो. त्याची भाषा तेवढी दुसऱ्या प्रांताची असते.

रेल्वेचा अनुभव

वाघिणींनी स्वतः क्रमांक सांगावा हा प्रयत्न अमेरिकेत प्रथम रंगीत पट्ट्यांनी झाला. कारट्रॅक या नावाच्या या पद्धतीत वाघिणीच्या बाजूस रंगीत पट्ट्या लावीत आणि मार्गालगतचे यंत्र प्रकाशझोताने त्या वाची. १९६७ साली तेथील रेल्वे कंपन्यांनी ती स्वीकारली. परंतु धूळ, चिखल आणि देखभालीचा अभाव यांमुळे वाचन चुकू लागले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सोडून द्यावी लागली. पुढे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील वाघिणींवर रेडिओ बिल्ले आले आणि ते टिकले. धुळीस न जुमानणारा, पण लोखंडावर जगणारा बिल्ला मिळाल्यानंतरच ही गोष्ट साध्य झाली.

भारतीय रेल्वेनेही वाघिणींवर असे बिल्ले बसविण्याचे काम हाती घेतले. २०२१ साली रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत २३,००० वाघिणींवर ते बसविले गेले होते. वाघिणीच्या दोन्ही बाजूंस एकेक बिल्ला असतो, जेणेकरून वाचक यंत्र मार्गाच्या कोणत्याही बाजूस असले तरी ओळख पटावी. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास सुमारे २८ मीटर धावते. वाचनक्षेत्र तीन मीटरचे धरले तर बिल्ल्यास बोलण्यास सेकंदाचा एक दशांश भागच मिळतो. बिल्ल्याचा पल्ला निम्मा झाला, तर हा वेळही घटतो. आकाशकाच्या रचनेतील मिलिमीटरचा प्रश्न असा थेट गाडीच्या सुरक्षिततेशी येऊन भिडतो.

रेल्वेच्या ‘कवच’ या गाडीसंरक्षण योजनेतही रेडिओ बिल्ले आहेत. मात्र तेथे मांडणी उलटी आहे. बिल्ले लोहमार्गाच्या मधोमध स्लीपरवर स्थिर असतात आणि वाचक यंत्र इंजिनाच्या तळाशी असते. आपण नेमके कोणत्या मार्गावर आणि कोठे आहोत, हे इंजिनास त्यांवरून कळते. या योजनेची प्रवासी गाड्यांवरील चाचणी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२० मध्ये तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारण्यात आले.

शाळेत करून पाहण्याजोगे प्रयोग

विज्ञान शिक्षकांनी वर वर्णिलेला दोरीचा प्रयोग मैदानावर अवश्य करावा. गाठीपासून वेगवेगळ्या अंतरांवर रंगीत चिंध्या बांधल्यास विद्यार्थ्यांस स्थिर आणि चंचल जागा स्वतः शोधता येतात. परातीतील पाण्याचा प्रयोग वर्गातच होतो.

ज्या शिक्षकांच्या मोबाइलमध्ये स्पर्शविरहित कार्ड वाचण्याची सोय आहे, त्यांनी असे एखादे कार्ड प्रथम लाकडी मेजावर ठेवून मोबाइल जवळ न्यावा. कार्ड ओळखले जाते. मग तेच कार्ड स्टीलच्या ताटावर ठेवावे; बहुधा ते ओळखले जात नाही. आता ताट आणि कार्ड यांमध्ये एकेक वही वाढवीत जावे आणि कोणत्या जाडीस ओळख परत येते ते मोजावे. त्या जाडीची नोंद फळ्यावर करावी. अभियंता ज्या प्रश्नाशी झगडतो, तोच प्रश्न विद्यार्थ्यास आपल्या वहीच्या पानांनी मोजता येतो.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, शाळा अथवा भांडार यांतील लोखंडी वस्तूंवर, जसे पंपसंच, प्राणवायूची सिलिंडरे, कपाटे, असे बिल्ले बसविण्याचा प्रसंग आल्यास काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. खरेदीपूर्वी बिल्ला धातूवर वापरण्यासाठीच घडविलेला आहे आणि तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात काम करतो, याची खात्री करावी. चाचणी कागदावर मानू नये; ज्या वस्तूवर तो बसावयाचा त्याच वस्तूवर घ्यावी. मेजावर दहा मीटरवरून बोलणारा काचेचा बिल्ला सिलिंडरावर एका हातावरूनही बोलेल याची शाश्वती नसते.

बिल्ला बसविताना पृष्ठ कोरडे व स्वच्छ असावे. गोलाकार सिलिंडरावर सपाट कडक बिल्ला टेकविल्यास कडांखाली फट राहते आणि तेथे पाणी साचते. अशा जागी वाकणारा बिल्ला निवडावा. पाणी रेडिओ तरंग शोषते, म्हणून पावसाळ्यात पल्ला घटल्यास नवल मानू नये. वस्तूस पुन्हा रंग देताना बिल्ल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी रंग कदापि फासू नये, कारण त्या रंगात धातूचे कण असतात. शेवटी, बिल्ल्याबरोबर डोळ्यांनी वाचता येईल असा क्रमांकही वस्तूवर राहू द्यावा. यंत्र बंद पडले तरी हिशेब बंद पडता कामा नये.

बिल्ला हा केवळ ओळख सांगतो. वाघिणीतील मँगनीज किती, ते कोणाच्या श्रमाने निघाले आणि कोणास पोहोचावयाचे, हे माणसांनी लिहिलेल्या नोंदींवरूनच कळते. नोंद खोटी असेल तर बिल्ला ती खरी करू शकत नाही. मात्र नोंद खरी असेल, तर ती नेमक्या त्याच वाघिणीशी जोडून ठेवण्याचे काम तो ऊन, धूळ आणि अंधार यांत न थकता करतो. ज्या लोखंडाने तरंगास प्रथम माघारी धाडले, त्याच लोखंडाच्या पाठबळावर आज बिल्ला बोलतो. यापुढे बालाघाटच्या फाटकाशी मालगाडी थांबून पाहताना वाघिणीच्या बाजूस एखादी लहानशी चौकोनी पेटी दिसली, तर तिच्या आतील सेंटिमीटर-मिलिमीटरचा हा हिशेब आठवावा आणि सोबतच्या मुलांस तो समजावून सांगावा.